'अर्ध्या रिकाम्या चादरी बघायला तिकीट?' या अभिप्रायाला आयोजकांचं उत्तर

नमस्कार,

आमच्या आधुनिक क्विल्टच्या (म्हणजे तुकडे जोडलेला वरचा थर, मधली भरण आणि मागचं कापड असे तीन थर एकत्र टाचलेल्या, गोधडीसारख्या पांघरुणांच्या) प्रदर्शनाला तुम्ही दोन तारे दिलेत. पण दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचा अभिप्राय ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. बऱ्याच क्विल्टवर निम्म्याहून जास्त कापड कोरं आहे. तुकडे वाकडेतिकडे कापलेत. हाताचे टाके शोधावे लागतात, सगळं मशीनचंच काम. एकेका पाटीवर दोन-दोन नावं आहेत. दिवे मिणमिणते, हात लावू देत नाहीत, आणि पैसे परत मागितले तर काउंटरवर सरळ नकार. शिवाय 'हे तर शाळेतलं पोरही करेल' आणि 'हल्लीचं फॅड'.

सुरुवात कोऱ्या कापडापासून करते, कारण तुमचा खरा राग त्यावरच दिसतो. दाराजवळच्या पांढऱ्या क्विल्टचा फोटो तुम्ही टाकलाय: खाली डाव्या कोपऱ्यात एक नारिंगी पट्टी आणि 'बाकी नुसती चादर'. फोटो अगदी समोरून काढलेला आहे. हे क्विल्ट बाजूने बघायचं असतं. दोरीच्या अलीकडूनच, पण भिंतीलगत उभं राहून तिरकं पाहिलं की पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याच्या उभ्या टिपा दिसायला लागतात. वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत, दोन टिपांमध्ये जेमतेम पाव इंच. नारिंगी पट्टीपाशी आल्या की तिच्यावर न जाता वळतात आणि पलीकडे पुन्हा सरळ होतात. टीप जिथे मध्येच थांबते तिथे दोरा नुसता कापून सोडलेला नाही. वरचा आणि बॉबिनचा असे दोन्ही दोरे एकत्र गाठ मारून ती गाठ सुईने आत, भरणीत ओढून घेतली आहे आणि मग टोक छाटलंय. मी जागा माहीत असूनही ती दर वेळी शोधत बसते.

फुलाफुलांच्या छापील कापडावर टीप जरा इकडेतिकडे गेली तर ती नक्षीत खपून जाते. एकरंगी कापडावर काही लपत नाही. दोऱ्याचा ताण थोडा बिघडला की खालचा दोरा ठिपक्या-ठिपक्यांनी वर दिसतो. गडद तुकडा फिक्याला जोडताना शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड चुकीच्या बाजूला वळवलं तर पांढऱ्याखालून काळपट रेघ उमटते. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे टिपा दाट घातल्या की कापड आवळतं, विरळ घातल्या की फुगतं. एका भागात दाट आणि दुसऱ्यात विरळ झालं तर पलंगावर ते कळतही नाही, पण भिंतीवर टांगलं की काठाला लाटा येतात, मध्ये झोळ पडतो. तुमच्या त्या 'चादरी'चे काठ एकदा पाहा. ओळंबा लावून घ्या हवं तर. शाळेतल्या पोराने हे केलं तर पुढच्या वर्षी दाराजवळची जागा त्याचीच.

वाकड्या तुकड्यांचंही तेच. पट्टी न लावता, हाताच्या अंदाजाने कापून जोडत जायचं, ही या कामातली एक पद्धतच आहे. पुढचा तुकडा कोणता हे मागचा जोडल्यावर ठरतं. यात धोका असा की कड कुठे सरळ धाग्यावर येते, कुठे उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी. उरेब कड ओढली की ताणली जाते, आणि असे पाचपन्नास तुकडे जोडल्यावर सबंध कापड टोपीसारखं फुगून उठतं. म्हणून हात चुकलाय की मुद्दाम केलंय याची शंका आली तर मधले तुकडे बघू नका, चार कोपरे बघा. आत सगळं नागमोडी आणि बाहेर कोपरे काटकोनात, गोट एकसारख्या रुंदीचा, असं असेल तर करणाऱ्याला पट्टी वापरता येत होती. तिने ती आतल्या कामात बाजूला ठेवली.

'फॅड' हा शब्द मात्र मला पटला नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये 1971 साली जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेली जुनी अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखी भिंतीवर लावली गेली, ती त्यांच्या रंगांसाठी आणि आकारांसाठी. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाचे झिजलेले कपडे, डेनिम, कॉर्डरॉय असं हाताशी असलेलं जोडून केलेली क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मांडली गेली आणि मग व्हिटनीत आली. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. त्यांतल्या कितीतरी क्विल्टवर तुम्हाला हेच मोठे सपाट रंग, हेच कलते चौकोन दिसतील, आणि ती अनेक दशकं आधी, पांघरायला केलेली आहेत. 'मॉडर्न क्विल्ट गिल्ड' ही आधुनिक क्विल्ट करणाऱ्यांची संघटना 2009 मध्ये स्थापन झाली, तिचं 'क्विल्टकॉन' हे प्रदर्शन 2013 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला पहिल्यांदा भरलं. नाव मिळायला उशीर झाला, एवढंच. ताऱ्यांचे आणि फुलांचे पारंपरिक नमुने मलाही आवडतात, पण जाहिरातीत, तिकिटावर आणि दारावर 'आधुनिक' असं लिहिलंय, आणि आत तेच आहे.

मशीनचा वाद तर क्विल्टवाल्यांनीच कडाकडा भांडून केव्हाच मिटवला. 1989 साली केंटकीतल्या पडुका इथल्या मोठ्या स्पर्धेत कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या, संपूर्ण मशीनवर टिपा घातलेल्या क्विल्टला सर्वोत्कृष्टचा मान मिळाला तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली होती. आज आमच्याकडे हाताचा धावदोराही आहे आणि मशीनची टीपही. मागच्या दालनातलं निळं क्विल्ट पूर्ण हाताचं आहे. तुमच्या अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, बहुधा तोपर्यंत तुमचा मूड गेला होता.

दोन नावांबद्दल तुम्ही लिहिलंय की 'पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम स्वतःचं म्हणून मांडलंय'. पाटीवर दोन्ही नावं आहेत ती नेमकी तसं होऊ नये म्हणून. तुकडे जोडून वरचा थर एकीने केला आणि तिन्ही थर एकत्र धरून त्यावर टिपा दुसरीने घातल्या, अशी पद्धत सर्रास आहे. त्यासाठी लाँगआर्म नावाचं मशीन असतं: क्विल्ट चौकटीवर ताणलेलं असतं आणि मशीनच रुळांवर त्यावरून फिरतं. ते चालवणं हे स्वतंत्र कसब आहे आणि बऱ्याच स्पर्धांत दोघींच्या कामाचा गटही वेगळा असतो. दुसरं नाव गाळलं असतं तर तुमचा आरोप खरा ठरला असता.

दिवे वाढणार नाहीत. कापडासाठी संग्रहालयांत साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात. आम्हीही तोच नेम पाळतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि इजा थोडी थोडी साठत जाते. ही क्विल्ट आमच्या मालकीची नाहीत, करणाऱ्यांनी विश्वासाने पाठवलेली आहेत. बाहेरच्या लख्ख उन्हातून आल्यावर पाच मिनिटं पहिल्या दालनात थांबा, डोळे सरावतात. हात न लावू देण्याचंही कारण कापड जपणं हेच. स्वच्छ धुतलेल्या बोटांनाही तेल आणि घाम असतो, डाग लगेच दिसत नाही, पुढे पिवळा पडतो. पांढऱ्या क्विल्टला प्रत्येकाने एकदाच बोट लावलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. स्पर्श करून पाहण्यासाठी शेवटच्या टेबलावर नमुन्याचे तुकडे ठेवलेत, तिन्ही थर उलगडून दिसतील असे. ते मनसोक्त चुरगळा.

पैसे परत मिळणार नाहीत. सगळी दालनं बघून झाल्यावर न आवडल्याबद्दल परतावा द्यायचा नाही, हा नियम तिकिटाच्या मागे छापलेला आहे आणि काउंटरवरच्या मुलीने तो बरोबर सांगितला. तिच्यावर आवाज चढवायला नको होता. पण रोज संध्याकाळी पाच वाजता मार्गदर्शक फेरी असते, त्यात हातमोजे घातलेली आमची कार्यकर्ती काही क्विल्टची मागची बाजू उलटून दाखवते. ज्यांना मशीनचं काम सोपं वाटतं त्यांनी मागची बाजू जरूर बघावी. तुमचं जुनं तिकीट त्या फेरीला चालेल, नवं काढावं लागणार नाही. काउंटरवर हा अभिप्राय दाखवा, मी तसं सांगून ठेवलंय. सोमवारी प्रदर्शन बंद असतं.

– प्रदर्शनाची आयोजक