शिक्षकाऐवजी टॅब: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर फिरत असलेला एक लांबलचक संदेश माझ्या मावसभावाने मला पाठवला. तो गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे आणि संदेशाखाली त्याने लिहिले होते, 'ग्रामसभेत मांडावा म्हणतो.' एरवी असले संदेश मी न वाचताच सोडून देतो, पण हा ठरावाच्या वाटेवर असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: ज्ञान आता मोबाइलवर फुकट मिळते, मुले शिक्षकाविना शिकतात हे शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी सिद्ध केले आहे, डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडने शाळा बदलली, करोनात शाळा ऑनलाइन चालल्याच, म्हणून कमी पटाच्या शाळांत पगारी शिक्षक ठेवण्यापेक्षा प्रत्येक मुलाला टॅब द्यावा, निवडक उत्तम शिक्षकांचे पाठ स्टुडिओतून दाखवावेत आणि वर्गात देखरेखीला मानधनावर एक माणूस बसवावा.

सुगत मित्रा यांच्यापासून सुरुवात करू. १९९९ साली दिल्लीतील कालकाजी येथे त्यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतील मुले कोणी न शिकवता तो हाताळू लागली, एवढे खरे आहे. परंतु संगणक हाताळता येणे आणि भागाकार येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय त्याच मित्रा यांचा तामिळनाडूतील कालिकुप्पम येथील प्रयोग संदेशकर्त्याने सोयीस्करपणे गाळला आहे. तेथे मुलांना जैवतंत्रज्ञानासारखा विषय इंग्रजीतून, केवळ संगणकाच्या आधारे शिकायला दिला होता. चाचणीत आधी जवळजवळ शून्यावर असलेली मुले तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली आणि तेथेच अडकली. ती पन्नासच्या घरात गेली तेव्हा त्यांच्या सोबतीला हिशेबनिसाचे काम करणारी, विषयाची काहीही माहिती नसलेली एक तरुणी होती. मुलांच्या मागे उभे राहून 'हे काय केलेत? पुन्हा दाखवा पाहू' असे कौतुकाने विचारणे एवढेच तिचे काम. पुढे मित्रा यांनी इंग्लंडमधील स्वयंसेवक आज्यांना स्काइपवरून मुलांशी जोडले, तेही याच कारणाने. ज्यांच्या नावाने माणूस हटवा म्हणून सांगितले जाते, त्यांनीच माणूस परत आणला होता.

डिसले गुरुजींविषयीचा मुद्दा तर वाचतानाच कोसळतो. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेसाठी रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जो जागतिक पुरस्कार मिळाला तो शिक्षकाला मिळाला, क्यूआर कोडला नव्हे. कोणत्या पानावर मुले अडतात हे वर्गात पाहून त्या पानाला कोड जोडणारा माणूस वजा केला तर उरतो तो कागदावरचा काळा-पांढरा चौकोन. आज बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आहेतच. ते कोण उघडून दाखवते, हे कोणत्याही पालकाने आपल्या मुलाला विचारावे.

करोनाविषयी फार बोलण्याची गरज नाही. अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाच राज्यांतील सोळा हजारांवर मुलांची पाहणी करून २०२१ मध्ये सांगितले की ९२ टक्के मुले भाषेतील किमान एक आधी येत असलेली क्षमता गमावून बसली आणि गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता हे मान्य. पण आपली मुले त्या काळात भरभरून शिकली, असे छातीठोकपणे सांगणारा शिक्षक मला अद्याप भेटलेला नाही.

खरा धोका आहे तो स्टुडिओच्या कल्पनेत, कारण ती ऐकायला न्याय्य वाटते: शहरातला उत्तम शिक्षक वाडीवस्तीवर पोहोचला तर कोणाला नको आहे? मात्र तिसरीच्या मुलाने ५२ वजा १७ चे उत्तर ४५ लिहिले तर काय घडते, ते पाहावे. त्याने निष्काळजीपणा केलेला नाही. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले, म्हणजे त्याच्या डोक्यात एक पक्का, पण चुकीचा नियम बसला आहे. शिक्षिका वहीवर नजर टाकताच हे ओळखते, काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवते, 'आता सतरा मला दे' म्हणते आणि एक गठ्ठा सोडल्याशिवाय देता येत नाही हे त्याच्याच हाताला कळू देते. पडद्यावरील उत्तम शिक्षक याच वेळी हातच्याच्या वजाबाकीचे पुढचे उदाहरण अतिशय सुंदर समजावून सांगत असतो. त्याला ते ४५ दिसलेले नसते, आणि मानधनावर बसवलेल्या माणसाचे काम शांतता राखण्याचे असते.

शिक्षकाच्या जागी यंत्र ठेवले तर काय होते, याची तपासणी गुजरातमध्ये झालेली आहे. अर्थतज्ज्ञ ली लिंडेन यांनी तेथील ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांवर गणिताच्या संगणक-कार्यक्रमाची दोन प्रकारे चाचणी घेतली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. एका प्रकारात संगणकाचा वेळ नेहमीच्या शिकवण्यातून कापून घेतला होता, तर दुसऱ्यात तो शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याच्या जोडीला दिला होता. जोडीला दिला तेव्हा मुले ०.२८ प्रमाण विचलनाने (गुणांच्या सर्वसाधारण फैलावाच्या मापाने) पुढे गेली. जागा घेतली तेव्हा ०.५७ ने मागे पडली. कार्यक्रम तोच, संस्था तीच. ज्ञानशालेतील मूळ शिकवणे चांगले होते म्हणून तोटा मोठा दिसला, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरही आहे. पण मग जेथे शिकवणे कमकुवत आहे तेथे ते सुधारण्याची मागणी करायला हवी.

संदेशात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. वर्गातील सर्व मुलांना एकाच पाठ्यपुस्तकाच्या एकाच पानावर हाकत नेणे हा आपल्या शाळांचा जुना दोष आहे आणि येथे संगणक खरोखर उपयोगी पडतो. दिल्लीतील सरकारी शाळांच्या ६१९ मुलांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहावीचे सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे आढळले होते. प्रत्येकाला त्याच्या पातळीचे प्रश्न देणाऱ्या संगणक-कार्यक्रमाच्या केंद्रांवर साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात आणि हिंदीत चांगली मजल मारली. फक्त हे सांगणारे लोक पुढचे वाक्य गिळतात: तेथे दीड तासाच्या सत्रातील निम्मा वेळ संगणकासमोर आणि उरलेला निम्मा लहान गटात एका साहाय्यकाबरोबर जात असे, आणि हे सारे शाळेव्यतिरिक्त होते.

राहता राहिला पैशाचा हिशेब. संदेशात पगाराची रक्कम आहे, टॅबची किंमत आहे. दोन वर्षांनी मान टाकणारी बॅटरी, फुटणारी काच, डेटा आणि विजेचे बिल नाही. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही कपड्याने झाकून ठेवलेल्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आणि ठराव करण्यापूर्वी समितीने २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचावी: पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असे तीत लिहिले आहे. देखरेखीचा माणूस त्या दोघांत मोजला जात नाही, आणि कायद्याने दिलेले हे शिक्षक ग्रामसभेच्या ठरावाने काढता येत नाहीत. शाळेतील एखादे पद रिक्त असेल तर ते कधी भरणार, असा लेखी प्रश्न मात्र समितीला गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारता येतो.