"४ जुलैला घोषणा केली आणि अमेरिका स्वतंत्र झाली": या मेसेजमध्ये नेमकं काय चुकलंय

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुम्हीही वाचला असेल. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की चहावरचा टॅक्स वाढवला म्हणून अमेरिकेतल्या १३ वसाहती पेटून उठल्या, ४ जुलै १७७६ ला घोषणापत्र काढून त्या स्वतंत्र झाल्या, सगळे एकदिलाने लढले, साध्या शेतकऱ्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय इंग्रजांना हरवलं आणि जिंकल्यावर लगेच संविधान लिहून वॉशिंग्टनला प्रेसिडेंट केलं. शेवटी "हिंमत असली की देश असा बनतो" हे आहेच. मला हा मेसेज तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, तिघंही शिकलेले, वाचणारे, म्हणून नीट बसून लिहितोय.

आधी चहाचं. टॅक्स वाढलाच नव्हता. १७७३ च्या टी ॲक्टमुळे उलट चहा स्वस्त झाला, कारण ईस्ट इंडिया कंपनीला मधले व्यापारी टाळून थेट वसाहतींमध्ये माल विकायची परवानगी मिळाली. पौंडामागे ३ पेन्सचा जुना टॅक्स तसाच होता आणि लोकांचा आक्षेप नेमका त्यालाच होता, की ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही ते आमच्यावर टॅक्स लावणार कसं, आणि स्वस्त चहा आम्ही घेतला की तो अधिकार आम्ही मान्य केल्यासारखं होणार. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या त्या यासाठी. भांडण पैशाचं कमी आणि टॅक्स लावायचा हक्क कुणाचा याचं जास्त होतं, आणि ते १७६५ च्या स्टॅम्प ॲक्टपासून, म्हणजे छापील कागदांवर टॅक्स लावणाऱ्या कायद्यापासून, चालू होतं.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. मेसेजमधला क्रम असा आहे: आधी घोषणा, मग युद्ध, मग विजय, मग सरकार. खरा क्रम जवळजवळ उलटा आहे.

चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून लंडननं १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिचा, कारभारच बदलून टाकला. वरच्या कौन्सिलचे सभासद आधी निवडून यायचे, ते आता राजा नेमणार, जज आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, आणि गावच्या सभा, म्हणजे टाऊन मीटिंग, वर्षातून एकच, जास्त हव्या तर गव्हर्नरची परवानगी घ्यायची. मग लोकांनी काय केलं, तर कोर्टच चालू दिलं नाही. ६ सप्टेंबर १७७४ ला वूस्टर गावात आसपासच्या ३७ गावांतले चार हजारांहून जास्त लोक जमले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभे राहिले, आणि जज मंडळींना हातात टोप्या घेऊन त्या रांगांमधून चालायला लावलं, आम्ही नव्या कायद्याखाली बसणार नाही हे पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं. एक गोळी सुटली नाही. बोस्टनच्या बाहेर राजाचा कारभार तिथंच संपला, युद्धाची पहिली लढाई लेक्सिंग्टनला व्हायच्या सात महिने आधी.

आणि कारभार संपला म्हणजे पोकळी झाली असं नाही. ऑक्टोबरमध्ये तिथल्या प्रतिनिधींनी स्वतःची प्रांतिक काँग्रेस भरवली आणि गावांना सांगितलं की टॅक्स राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आमच्या माणसाकडे भरा. त्याच महिन्यात फिलाडेल्फियातल्या काँटिनेंटल काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या एकत्र सभेनं, इंग्रजी मालावर बहिष्काराचा ठराव केला आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला गावोगाव, काउंटीवार कमिट्या निवडायला सांगितल्या. कोण माल मागवतो, कोण भाव वाढवतो, हे बघायचं आणि मोडणाऱ्याचं नाव पेपरात छापायचं, एवढं साधं काम, पण हेच नव्या सरकारचं खरं बाळंतपण आहे, कारण लोक हळूहळू राजाच्या ऑफिसात जायचे थांबले आणि कमिटीकडे जायला लागले. शिवाय निवडून आलेल्या असेंब्लीची सवय जुनी, व्हर्जिनियात ती १६१९ पासून होती. मतदान, ठराव, हिशेब, वाद घालून शेवटी मत टाकणं, हे त्यांना कुणी क्रांतीच्या दिवशी शिकवलं नाही.

४ जुलैच्या आधीच न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी या चौघांनी आपापलं संविधान केलेलं होतं. म्हणजे घरं उभी राहिली होती, दारावर पाटी नंतर लागली.

त्या ४ तारखेचंही बघा. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला पास झाला, १२ वसाहतींनी होकार दिला आणि न्यूयॉर्कनं मतच दिलं नाही. ४ तारखेला फक्त घोषणापत्राचा मजकूर मंजूर झाला, बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. आणि त्या कागदानं कुणी स्वतंत्र झालं नाही, ब्रिटननं मान्य केलं ते ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात, न्यूयॉर्कमधून त्यांची फौज निघाली २५ नोव्हेंबरला. सात वर्षं.

"एकदिलाने" हा शब्द वाचून तर मला वाईटच वाटलं. बेंजामिन फ्रँकलिनचा स्वतःचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर होता आणि शेवटपर्यंत राजाच्या बाजूनं राहिला, बापलेकाचं नंतर कधी जुळलं नाही. हजारो राजनिष्ठ घरंदारं सोडून कॅनडाकडे आणि इंग्लंडला गेले. काळ्या गुलामांपैकी कितीतरी ब्रिटिशांकडे पळाले, कारण १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरनं बंडखोर मालकांच्या गुलामांना आमच्याकडून लढा आणि मोकळे व्हा असं जाहीर केलं होतं. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य कुठल्या बाजूला होतं हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आला नाही. इरोक्वाय या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा जुना संघसुद्धा फुटला, त्यातली ओनायडा जमात अमेरिकनांकडे, मोहॉक ब्रिटिशांकडे.

"कुणाच्याही मदतीशिवाय" हे तर साफ खोटं. १७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिश फौज शरण आली, ते बघून फ्रान्सनं फेब्रुवारी १७७८ मध्ये उघड युती केली, गुपचूप दारूगोळा आधीपासून येतच होता. १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस यॉर्कटाऊनला अडकला तो समुद्राकडून फ्रेंच आरमारानं वाट अडवली म्हणून, चेसापीकच्या लढाईत त्यांची २४ मोठी लढाऊ जहाजं होती आणि ब्रिटिशांची १९. शेतकरी लढले, शौर्यानं लढले, पण असं मोठं आरमार त्यांच्याकडे नव्हतं.

राहिलं "लगेच संविधान". युद्ध चालू असताना त्यांनी आधी एक वेगळीच व्यवस्था केली, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, १७७७ मध्ये तयार आणि १७८१ मध्ये लागू. त्यात प्रेसिडेंट नाही, टॅक्स लावायचा अधिकार नाही, काही बदलायचं तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार हवा. आयातीवर ५ टक्के कर लावायचा साधा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारानं पडला. सैनिकांचा पगार थकला, जून १७८३ मध्ये चिडलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला जावं लागलं. मग १७८६ मध्ये कर्ज आणि टॅक्सनं पिचलेले मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी उठले आणि त्यांनी काय केलं, तर कोर्टं बंद पाडली, वूस्टरचंसुद्धा, बारा वर्षांपूर्वी राजाविरुद्ध जे केलं होतं तेच आता आपल्याच सरकारविरुद्ध. ते मोडायला केंद्राकडे पैसा नव्हता, शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली.

त्यानंतर कुठं १७८७ च्या उन्हाळ्यात ५५ प्रतिनिधी फिलाडेल्फियात बसले, तिथं संविधान लिहिलं गेलं, त्यातल्या ३९ जणांनी सही केली आणि ऱ्होड आयलंडनं माणूसच पाठवला नाही. राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची ही तडजोडही तिथलीच. मंजुरीसाठी राज्याराज्यात जे भांडण झालं ते बघितलं तर "लगेच" हा शब्द कुणी लिहिणार नाही: व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. वॉशिंग्टननं शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ ला, आणि तेव्हाही नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड बाहेरच होते. ऱ्होड आयलंड आत आलं २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.