फाशीचा कायदा आणि पत्रकावरचा फोटो

नोव्हेंबर २०२३, इंदूर. विधानसभेच्या प्रचाराचे दिवस, सकाळची वेळ, गॅसवर पोहे. दारात आमच्याच गल्लीतला एक मुलगा उभा. गळ्यात दुपट्टा, हातात पत्रकांचा गठ्ठा. (कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही. पुढे वाचाल तर कळेल की सांगून फार उपयोगही नाही.)

"काकू, या वेळीही भैयाच हं!"

पत्रकावर हात जोडलेला फोटो, खाली केलेल्या कामांची यादी. रस्ता, ड्रेनेज, बगीचा. आणि चौथ्या नंबरवर लाल अक्षरांत, बालिकांवर अत्याचार करणाऱ्यांना फाशी.

मी विचारलं, "हा कायदा भैयांनी केला?"

"विधानसभेत पास केला ना, काकू."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. ४ डिसेंबर २०१७ ला मध्य प्रदेश विधानसभेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवर बलात्कार करणाऱ्याला फाशीची तरतूद असलेलं विधेयक मंजूर केलं होतं. तेही एकमताने. म्हणजे त्या वेळी सभागृहात असलेला कोणीही, इकडचा असो की तिकडचा, हे आपल्या पत्रकावर छापायला मोकळा. भोगावं कोणालाच लागत नाही, श्रेय मात्र सगळ्यांच्या घरी पोचतं.

आता माझी कबुली. फाशी मागणाऱ्यांत मीही होते. एप्रिल २०१८ मध्ये राजवाड्याजवळ आईवडिलांशेजारी उघड्यावर झोपलेली काही महिन्यांची मुलगी उचलून नेली आणि पुढे जे झालं ते लिहायला आजही हात धजत नाही. त्या आठवड्यात मेणबत्ती घेऊन मी चालले होते. गुन्ह्यानंतर तेविसाव्या दिवशी खालच्या कोर्टाने फाशी सुनावली तेव्हा पेढे आणून शेजारी वाटले होते. हो, पेढे. लाज वाटते सांगायला, पण वाटले होते.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, वकील. त्यांनी पेढा घेतला, हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तेवीस दिवसांत आपल्याकडे लग्नाच्या पत्रिका छापून होत नाहीत." मला राग आला होता. कोर्टकचेरीत राहून माणसं कोडगी होतात असं वाटलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे ते पत्रक हातात पडायच्या महिनाभर आधी, सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. माणूस निर्दोष म्हणून नाही, तर खटला इतक्या घाईत उरकला की आरोपीला बचाव करायची धड संधीच मिळाली नाही म्हणून. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा, असा आदेश. साडेपाच वर्षांनी त्या आईबापांनी परत कोर्टाच्या दारात उभं राहायचं. हे पत्रकावर कुठे छापायचं?

आणखी एक गोष्ट भाऊजींनी तेव्हाच सांगितली होती, मी ऐकली नव्हती. त्या गुन्ह्यात फाशी द्यायला नवा कायदा लागतच नव्हता. खुनाला फाशी १८६० च्या दंडसंहितेपासून आहे. बलात्कारात जीव गेला तर फाशीची तरतूद दिल्लीच्या निर्भयानंतर २०१३ मध्ये झाली. कमी होते ते तपासणारे हात, प्रयोगशाळा आणि वेळ. पण प्रयोगशाळेसाठी पैसे मंजूर केले, हे लाल अक्षरांत शोभत नाही ना.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. २०२० च्या निवडणुकीत त्यांच्याकडे बायडनना १९९४ च्या क्राइम बिलावरून, म्हणजे गुन्हेगारीविरुद्धच्या कडक कायद्यावरून, धारेवर धरलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वीचा कायदा, पण कोणी लिहिला, कोणी बाजूने मत दिलं, सगळं नावानिशी नोंदलेलं. बर्नी सँडर्स इतके डावे नेते, त्यांचंही मत बाजूनेच, आणि त्यांनाही का दिलं ते सांगावं लागलं. त्यावर सही करणारे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन तर २०१५ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की या कायद्याने परिस्थिती आणखी बिघडली. अमेरिकेचं कौतुक करत नाहीये, त्यांचे तुरुंग कसे भरले ते जगाला ठाऊक आहे. पण निदान विचारायला कागद आहे.

आमच्याकडे काय आहे? उमेदवाराचं शपथपत्र. त्याच्यावर गुन्हे किती, सोनं किती, गाड्या किती, सगळं कळतं. गुन्ह्यांच्या कायद्यांबाबत त्याने काय केलं, तेवढं कळत नाही. कारण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. "हो"वाले ओरडले, "नाही"वाले ओरडले, अध्यक्षांनी निकाल दिला. आपल्या सुमित्राताई महाजन पाच वर्षं लोकसभेच्या अध्यक्षपदाच्या त्या खुर्चीवर होत्या, त्यामुळे इंदूरकरांनी टीव्हीवर हे जरा जास्तच पाहिलंय. कोण ओरडलं याची नोंद नाही. मतविभागणी, म्हणजे मतं मोजून नोंदवणं, मागता येते, पण मागतो कोण? आणि मागितली तरी वर व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा पक्षाचा आदेश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला तर खुर्चीच जाऊ शकते.

जिथे नोंद आहे तिथली गंमत बघा. मार्च २००२ मध्ये 'पोटा' हा दहशतवादविरोधी कायदा संसदेच्या संयुक्त अधिवेशनात ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झाला. त्याच्या बाजूने उभे राहिलेले तामिळनाडूचे खासदार वायको त्याच जुलैत त्याच कायद्याखाली आत गेले आणि दीड वर्षाहून जास्त आत राहिले! २००४ मध्ये ज्या सरकारने पोटा रद्द केला, त्याच सरकारने मुंबईच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीए या दुसऱ्या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन जवळजवळ अशक्य करून ठेवला. आणि २०१९ मध्ये तोच कायदा आणखी कडक करताना राज्यसभेत १४७ विरुद्ध ४२ अशी मतं पडली, त्या १४७ मध्ये काँग्रेसही होती. म्हणून म्हटलं, दुपट्ट्याचा रंग सांगून उपयोग नाही.

मी कडक कायद्याच्या विरोधात आहे असं समजू नका. नातीची आजी आहे मी. पण आता कोणी "आम्ही फाशी आणली" म्हणालं की मी एवढंच विचारते, आणल्यावर पुढे काय केलंत? सरकारी वकील किती वाढवले? डीएनएचा अहवाल किती दिवसांत येतो? राजवाड्याच्या त्या खटल्याचं काय झालं, एकदा तरी विचारलंत?

त्या मुलालाही हेच विचारलं. त्याने पत्रक उलटून पाहिलं, मागच्या बाजूला मतदान केंद्राचा पत्ता होता. म्हणाला, "काकू, तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, मी भैयांना फॉरवर्ड करतो." पाठवलं. दोन निळ्या टिकल्या त्याच दिवशी आल्या.

पोहे तोवर खाली लागले होते.