प्रागचा किल्ला ‘आतून’ न पाहिल्याबद्दल

नमस्कार,

‘प्रागमध्ये साडेतीन दिवस’ या माझ्या लेखावर आपण सोळा ओळींची प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. योसेफोव्हमधली, म्हणजे प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीतली सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळं) आणि जुनं ज्यू कब्रस्तान सब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारामुळे, शनिवारी बंद असतात. आम्ही शुक्रवारी गेलो होतो, वेळापत्रकात माझ्याकडून शनिवार पडला. आपल्या मेहुण्यांचा दिवस वाया गेला याचं वाईट वाटलं. पण निघण्याआधी उघडण्याच्या वेळा बघायला त्यांना कुणी अडवलं होतं का?

आता ते वाक्य. ‘ताई, प्रागला जाऊन किल्ला आतून न बघणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परत येणं. असल्या आळशी प्लॅनिंगवर ब्लॉग कशाला लिहायचा?’

आधी ताई म्हणायचं आणि लगेच आळशी. तुमच्या घरी बहिणींशी असंच बोलतात का?

पंढरपूरचं म्हणाल, तर माझे आजोबा वारकरी. आषाढीला दर्शनाची रांग एवढी लांब, की कित्येक वर्षं ते नामदेव पायरीवर डोकं टेकवून, कळसाला हात जोडून माघारी फिरले. त्यांची वारी झाली नाही असं गावात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा उदाहरण देताना समोर कोण आहे ते जरा बघावं.

मी नऊ वर्षं ड्रेसडेनमध्ये राहते. तिथून प्राग ट्रेनने अडीच तासांवर. आजवर अकरा वेळा गेले आहे, आणि किल्ल्याचं तिकीट त्यात चार वेळा काढलंय. या खेपेला सोबत एकाहत्तर वर्षांची आई होती, एक गुडघा बदललेली. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे, पण तुम्ही बहुधा थेट फोटोंवर उतरलात. आम्ही खालून पायऱ्या चढलोच नाही. 22 नंबरच्या ट्रामने वर गेलो, किल्ल्याच्या चौकांमधून फिरलो (त्याला तिकीट लागत नाही) आणि तिथल्याच सेंट व्हिटस कॅथेड्रलच्या दक्षिण दारावरचं, चौदाव्या शतकातलं अंतिम न्यायाचं मोझेक आईने बाकावर बसून निवांत पाहिलं. या कॅथेड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये संपलं. बांधणाऱ्यांनी घाई केली नाही, मग आईला वीस मिनिटांत रेटारेटीतून ओढत नेण्याची घाई मी का करू?

तिथून नेरुदोवा रस्त्याने हळूहळू खाली. घरांना नंबर आले 1770 च्या सुमारास, त्याआधी घर ओळखायचं ते दारावरच्या चिन्हावरून. तीन व्हायोलिनचं घर, दोन सूर्यांचं घर. आई म्हणाली, ‘आपल्याकडे नाही का, चिंचेखालचे कुलकर्णी?’ त्या उतारावर आम्ही दीड तास घालवला. तुमच्या हिशेबात तो आळस. माझ्या हिशेबात त्या दीड तासासाठीच सगळा वीकेंड आखला होता.

बाकीचं थोडक्यात. रविवारी दुपारपर्यंत कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं, हे मी लिहायला हवं होतं म्हणता. असेल, पण आम्ही रविवारी तिकडे फिरकलोच नाही. खर्च कोरुनात का दिला नाही? कारण माझा पगार युरोत होतो. कार्ल पूल सकाळी सहाला बघावा, हा तुमचा शोध माझ्याच 2019 च्या लेखात आहे.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, राहू दे. शनिवारचा शुक्रवार केला आहे. लेखाखाली ‘वाचकांनी लक्षात आणून दिलं’ असं लिहिणार होते, पण ते ‘आळशी’ पुन्हा एकदा वाचलं आणि नाही लिहिलं.