सराट्याच्या काढ्याने मूतखडा विरघळतो?

‘बांधावरचा गोखरू उकळून सात दिवस प्या, मूतखडा विरघळून पडेल, मर्दानी ताकद वाढेल, वनस्पतीच ती, अपाय कसला?’ हा मजकूर पावसाळा आला की पुन्हा फिरू लागतो. गोखरू म्हणजे सहसा सराटा.

आधी ‘विरघळेल’चं बघू. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पोटात घेतलेल्या कुठल्याच औषधाने ते विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचा खडा विरघळू शकतो, पण त्यासाठी पोटॅशियम सायट्रेटसारखं औषध लागतं. मग गुण येतो तो कसा? पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुधा आपसूकच पडतो. त्या आठवड्यात काढा चालू असला की श्रेय काढ्याला. सराटा, म्हणजेच गोक्षुर, दशमुळांत (दहा औषधी मुळांच्या गटात) आहे, आयुर्वेदात तो मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारा, मानतात. पण लघवी मोकळी होणं वेगळं आणि खडा विरघळणं वेगळं. खडा अडकून थंडी-ताप भरला किंवा लघवी तुंबली, तर काढा करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

ताकदीचं तर थोडक्यात आटपतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑस्ट्रेलियातल्या रग्बीपटूंना रोज ४५० मिलिग्रॅम सराट्याचा अर्क पाच आठवडे दिला. न घेणाऱ्यांपेक्षा त्यांची ताकद जास्त वाढली नाही.

‘अपाय कसला’? इराणमध्ये एका तरुणाने मूतखड्यासाठी सराट्याचं पाणी दिवसाला दोन लिटर घेतलं. दोन दिवसांत आकडी आली, यकृत आणि मूत्रपिंडं बिघडली. दक्षिण आफ्रिकेत हीच वनस्पती चरून मेंढ्यांना कावीळ होते, उन्हाने तोंडं सुजतात.

खरा घोळ मात्र नावात आहे. गोखरू म्हणून तीन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. सराटा जमिनीला चिकटून पसरतो. समोरासमोरच्या संयुक्त पानांपैकी एक मोठं, एक लहान. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, जेमतेम सेंटिमीटरभर. फळ वाळून पाच फाका होतात आणि प्रत्येकीवर दोन लांब, दोन आखूड काटे. चपलेत रुततो तो हाच. दुसरी वनस्पती मोठा गोखरू, तिचं पान अखंड, मांसल. ओली फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. आणि काही भागांत लांडगा नावाच्या तणालाही गोखरूच म्हणतात. त्याचं फळ लांबट, आकड्यांनी भरलेलं, धोतराला चिकटणारं. त्याचं बी आणि कोवळी रोपं विषारी आहेत, थेट यकृतावर जातात. मजकुरात नुसतं ‘गोखरू’ लिहिलंय, फोटोही नाही.