ताप आला की दुखण्याच्या सगळ्या गोळ्या बंद? जरा थांबा

पावसाळा लागला की तापाचे फॉरवर्ड सुरू होतात, त्यातला एक सध्या जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: ज्यांना वर्षानुवर्षं सांधेदुखी, अंगदुखी, मणक्याचं दुखणं आहे त्यांची इम्युनिटी संपलेली असते, व्हायरल झाला की ते थेट आयसीयूत जातात, म्हणून ताप आल्याबरोबर दुखण्याच्या सगळ्या गोळ्या बंद करा, लस टाळा, गुळवेलाचा काढा घ्या. मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण या गोळ्या रोज माझ्या हातातून जातात आणि हा मेसेज वाचून पाकिटं परत करायला आलेली माणसंही काउंटरवर उभी राहतात, म्हणून लिहितोय.

"इम्युनिटी संपलेली असते." कुणाची? झिजलेला गुडघा, सरकलेली गादी, मायग्रेन, फायब्रोमायल्जिया (सगळं अंग सतत दुखत राहण्याचा आजार), आमवात, सगळं एकाच पोत्यात भरलंय. झिजलेल्या गुडघ्याने प्रतिकारशक्ती जात नाही. फायब्रोमायल्जियात दुखणं शंभर टक्के खरं असतं, पण गडबड असते ती मेंदू आणि नसा दुखणं वाढवून दाखवतात तिथे. या मंडळींना धोका असला तर तो बहुतेक वेळा वय, शुगर, वजन, दमा, किडनी यातून येतो, तुम्हाआम्हाला येतो तसाच. आमवात (रुमेटॉइड) आणि ल्युपस (सांधे, त्वचा, किडनी यांना त्रास देणारा तसाच आजार) यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे इम्युनिटी संपलेली नसते, ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते. त्यांना इन्फेक्शनचा धोका खरंच थोडा जास्त असतो, काही आजारामुळे आणि काही औषधांमुळे. या ओळीतला तेवढाच भाग खरा.

"थेट आयसीयू." २०२० मध्ये जगभरातल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन कोविड झालेल्या आपल्या पेशंटची नोंद ठेवली होती. पहिल्या ६०० जणांच्या हिशोबात दिसलं की रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेणाऱ्यांना ऍडमिट व्हायची वेळ जास्त आली, अँटी-टीएनएफ इंजेक्शनवाल्यांना (सूज वाढवणारा एक घटक रोखणारं आमवाताचं इंजेक्शन) उलट कमी आली, आणि साध्या पेनकिलरने फरक दिसला नाही. पुढे रिटुक्सिमॅब या इम्युनिटी दाबणाऱ्या इंजेक्शनवाल्यांना कोविड जड गेल्याचं दिसलं. म्हणजे कोणतं औषध आणि किती डोस, हे विचारायचं, नुसतं दुखतंय का हे नाही. आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ज्या टोसिलिझुमॅबसाठी लोक रात्री-अपरात्री फोन फिरवत होते ते मुळात आमवाताचंच इंजेक्शन ना!

आता सगळ्यात घातक ओळ, "सगळ्या गोळ्या बंद करा". स्टेरॉइड महिनोन्महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि तापात तर त्याची गरज वाढते, अशा वेळी गोळी एका रात्रीत थांबवली तर उलट्या, बीपी खाली, माणूस गुंगीत, आणि घरचे म्हणणार व्हायरल डोक्यात गेला. आपल्याकडे यात अजून एक भानगड आहे, ती म्हणजे सांधेदुखीच्या पुड्या. कागदात गुंडाळलेली पावडर, वर ना नाव ना तारीख, "जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून दिलेली. अशा कित्येक पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. घेणाऱ्याचा चेहरा गोल होत जातो, हातावर नुसतं आपटलं तरी काळेनिळे डाग पडतात, आणि बाई कौतुकाने सांगतात की पुडीने तब्येत सुधारली. अशा माणसाला ताप आला तर पुडी लपवू नका, तशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा, त्यांना कळलं तरच ते सांभाळून घेतील.

मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे आमवाताच्या नेहमीच्या गोळीचं, मात्र उलट. मोठं इन्फेक्शन झालं तर डॉक्टर स्वतःच ते थोडे दिवस थांबवतात, एखादा डोस चुकला म्हणून सांधे लगेच पेटत नाहीत. पण ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, मी पाकिटावर पेनाने "फक्त रविवार" लिहून देतो तरी कुणीतरी रोज घेतंच. मग तोंड आतून सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, आणि तेव्हा साधा तापसुद्धा खरोखर जड जाऊ शकतो.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे आमवात आणि ल्युपसमध्ये देतात ती मलेरियाची जुनी गोळी, तर ताप आला म्हणून बंद करायचं काही कारणच नाही. मार्च २०२० मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ते कोविड टाळायला आरोग्य कर्मचाऱ्यांना सुचवलं आणि ल्युपसवाल्यांना दुकानं पालथी घालावी लागली, जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या औषध-चाचणीने सांगितलं की ऍडमिट झालेल्या कोविड पेशंटना त्याचा उपयोग नाही.

पेनकिलरबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे आणि कारण चुकीचं देतोय. डेंग्यूची शंका असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, कारण रक्तस्रावाचा धोका, इम्युनिटीचा काही संबंध नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं, फक्त दुखण्याच्या कॉम्बिनेशन गोळीतही ते असतं, मागचं लेबल वाचा नाहीतर दुप्पट जातं. हार्टसाठी ऍस्पिरिन चालू असेल तर ती मनाने थांबवू नका, विचारा. कोविडच्या सुरुवातीला आयबुप्रोफेनची अशीच भीती पसरली होती, फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी १४ मार्च २०२० ला ट्विट केलं, जागतिक आरोग्य संघटना आधी टाळा म्हणाली आणि लगेच म्हणाली आमचा विरोध नाही.

ट्रामाडॉल (अफूच्या जातीची जोरदार पेनकिलर) रोज घेणाऱ्याने ते धाडकन सोडलं तर घाम, अस्वस्थपणा, अंगदुखी सुरू होते, अगदी व्हायरलसारखीच. पण छाती भरलेली असताना ट्रामाडॉल आणि प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) दोन्ही चालू असतील तर श्वास मंदावू शकतो, धाप किंवा जास्तच झोप येत असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

"लस घेऊ नका." फ्लूचं नेहमीचं इंजेक्शन मेलेल्या व्हायरसचं असतं, त्याने फ्लू होत नाही. जिवंत जंतूंच्या लसी इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांवर असलेल्यांनी टाळायच्या, हे खरं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना तर म्हणते की आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर मेथोट्रेक्सेट २ आठवडे थांबवा, म्हणजे लस नीट लागू पडेल. नागिणीची लसही विचारून बघा, खासकरून टोफासिटिनिब ही आमवाताची गोळी घेत असाल तर, कारण त्याने नागीण उठायची शक्यता वाढते आणि नागिणीनंतरची आग काहींना वर्षभर सोडत नाही.

राहिला गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेल्या ६ पेशंटची माहिती छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. असेल, पण त्या पेशंटमध्ये लिव्हरला स्वतःच्याच इम्युनिटीने इजा केल्याची लक्षणं होती, आणि आमवातवाल्याची इम्युनिटी आधीच बिथरलेली, वर मेथोट्रेक्सेटसाठी त्याला दर काही महिन्यांनी लिव्हरची टेस्ट करावी लागते. त्याने काढा सुरू करायचा असेल तर आधी ती टेस्ट बघणाऱ्या डॉक्टरांना सांगावं.