उपवास, डाएट आणि मोबाइलमधलं पोट

मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. मेसही माझ्याच देखरेखीखाली चालते, त्यामुळे कोण जेवतं आणि कोण नुसतं ताट घेऊन बसतं हे मला मुलींच्या आयांच्याही आधी कळतं. इन्स्टाग्रामने मुलींचं काय होतं यावर बरंच बोललं जातं, पण मला त्यातला घरचा वाटा जास्त खुपतो. बारीक होण्यासाठी जेवण तोडत जाण्याचा हा आजार मोबाइलमध्ये सुरू होत असेलही, त्याला खतपाणी मात्र आपल्या कौतुकाचं मिळतं.

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटेल असं काहीच लिहीत नाही. आधी पोटभर जेवणारी, दुसरी वाटी आमटी मागून घेणारी पोर. हळूहळू ती रांगेत सगळ्यात शेवटी यायला लागली. रश्शावरचा तवंग चमच्याने काढून टाकायची, भाजी टिश्यू पेपरवर दाबायची. मग उपवास वाढले. संकष्टी होतीच, त्यात गुरुवार आला, शनिवार आला. आमच्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी असते, तीही नको, म्हणे निरंकार आहे. उपवास म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. भर मे महिन्यात ही स्वेटर घालून बसलेली, आणि बाथरूमच्या जाळीवर केसांचे पुंजके. पाळी थांबल्याचं तर डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं.

मधल्या काळात ती एका लग्नाला घरी जाऊन आली. सगळ्या मावश्या-काकवांनी म्हणे तोंडभरून कौतुक केलं, "किती छान बारीक झालीस गं, आम्हालाही सांग काय करतेस ते!" परत आल्यावर तिचं उरलंसुरलं जेवणही तुटलं.

एकदा तिने आपणहून मला तिचा मोबाइल दाखवला. मी खाली खाली सरकवत राहिले. आरशासमोर टीशर्ट वर करून दाखवलेलं पोट, मग दुसरीचं पोट, मग "व्हॉट आय ईट इन अ डे" म्हणत दिवसभरातला मूठभर खाऊ दाखवणारी कुणीतरी, मग पुन्हा कंबर. मध्ये एक गाणं नाही, एक विनोद नाही. सुरुवातीला तिने व्यायामाच्या एक-दोन रील्स जरा थांबून पाहिल्या होत्या, एवढंच. बोट कुठे रेंगाळलं याची नोंद ते ॲप ठेवतं आणि त्याच जातीचं पुढचं आणून देतं. आपल्याला काय बरं वाटतं आणि आपण कशाने तुटतो यातला फरक त्याला कळत नाही. रेंगाळलात ना, मग घ्या अजून.

हे इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली. कंपनीच्याच पाहणीत स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. आकडे संदर्भ सोडून मांडले गेले, असं कंपनीने उत्तर दिलं. मला ते उत्तर पटत नाही. आपल्या मेसच्या जेवणाने तीनातल्या एका मुलीचं दुखणं वाढतंय असं मला कळलं असतं, तर मी त्याच दिवशी चूल बंद केली असती.

"आमच्या वेळीही सिनेमातल्या नट्या होत्याच की," असं पालक म्हणतात. होत्या, आणि त्याचाही परिणाम होत होता. फिजी बेटांवरचं उदाहरण बघा. तिथे भरलेलं अंग हे खात्यापित्या घराचं लक्षण मानलं जायचं. नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर या हार्वर्डच्या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. पाहणी छोटी होती, दर वेळी साठेक मुली. खाण्याबाबत धोक्याची लक्षणं असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती, नंतर ११ टक्के निघाल्या. तीन वर्षांत, आणि तेही नुसत्या टीव्हीने. आता तर पडद्यावर नटी नसतेच, शेजारच्या बाकावरची मैत्रीण असते, फिल्टरने गाल आत घेतलेली. नटीशी बरोबरी कुणी करत नाही, मैत्रिणीशी सगळ्याच करतात.

आणि फोटोवरून तब्येत ठरवणं हाच मुळात वेडेपणा आहे. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन यूडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. डॉक्टरांच्या फोटोतून जे कळत नाही ते तुमच्या मुलीच्या रीलमधून मावशीला काय कळणार!

मुलगे सुटलेत असं नाही. त्यांचं दंड, छाती आणि प्रोटीन पावडरचं चाललेलं असतं. पण ते मी जवळून पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

काही आई-वडील मला म्हणाले, "मॅडम, नखरे आहेत, भूक लागली की खाईल." नाही खात. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढेल या भीतीने जेवण तोडत जाणं, हा मनाचा आजार आहे आणि मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत त्याची गणना होते. शरीर उपाशी राहिलं की विचारही आक्रसतात. त्या अवस्थेतल्या मुलीला "खा गं" म्हणून रागावणं किंवा मोबाइल हिसकावून घेणं याने ती फक्त लपवायला शिकते. आमच्या त्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ तिघांची गरज पडली, आणि पुष्कळ महिने लागले. तिच्या आईने कॉलेजला विनंती करून तिला घरी नेलं, रोज शेजारी बसून जेवली, ताटाकडे न बघता इकडचं तिकडचं बोलत राहिली. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं.

सुट्टीत मुलगी घरी आली की तिच्या वजनावर काहीही बोलू नका, चांगलंसुद्धा नको. ती तुमच्याबरोबर जेवते का, थंडी फार वाजते का, पाळी वेळेवर येते का, जेवण झाल्याझाल्या दार लावून घेते का, एवढं बघा. शंका आली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. गावात कुणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.